गंगेचा गडू आणि काठमांडूचा सामना

पशुपतिनाथाच्या दर्शनासाठी मी काठमांडूला जाऊन आलो, असे मी कोणाला सांगू लागलो की माझा मुलगा वर्तमानपत्रातून डोके वर न काढता दुरुस्ती करतो, "बाबा, आपण मॅच बघायला गेलो होतो. देवळात जाऊन आलो." वाक्यातील हा क्रम मी आजवर मान्य केलेला नाही. परंतु तो बँकेत अधिकारी आहे, आणि कोणती नोंद आधी व कोणती नंतर या विषयात त्याच्याशी वाद घालून मी कधी जिंकलेलो नाही.

आमचे घर बालीगंजला, तिसऱ्या मजल्यावर. मुलाची बदली कोलकात्याला झाली तेव्हा आम्ही उभयता त्याच्यामागे इकडे आलो. येताना देवघरातील सर्व देव आणि त्यांच्या शेजारचे दोन तांब्याचे गडू मी मांडीवर घेऊन आणले. हे गडू आम्ही काशीहून आणले होते. ओंजळीत मावेल एवढा एकेक गडू, आत गंगाजल, तोंड झाळून कायमचे बंद केलेले. आमच्याकडे असा गडू वर्षानुवर्षे देवघरात राहतो, आणि ज्याचा असेल त्याचा अंतकाळ आला की तो फोडून त्यातील जल मुखात घालतात. एक माझ्या पत्नीचा होता आणि एक माझा.

ती आधी आजारी पडली. शेवटच्या दिवसांत मी तिचा गडू काढून उशाशी ठेवला, तर ती म्हणाली, "तो ठेवा जागेवर. इथे गंगा गावातून वाहते आहे. बागबाजारच्या घाटावरून बाटलीभर आणवा, मला तेवढी पुरे. माझा गडू पशुपतीला न्या. काशी झाली, पशुपती राहिला."

मी हो म्हटले. तिच्या तिथीलाच नेईन असेही म्हटले. ते तिने मागितले नव्हते.

ती गेली त्या कार्तिक वद्य नवमीला बाटलीतलीच गंगा तिच्या मुखात घातली. तिचा गडू देवघरात माझ्या गडूशेजारी तसाच राहिला. पुढे वर्षे गेली. मुलाला रजा मिळाली की सूनबाईंना मिळत नसे, दोघांना मिळाली की नातीची परीक्षा असे. रोज पूजेला बसलो की गडूवरचे तबक उचलून मी तो पुसत असे आणि पुन्हा झाकून ठेवत असे. एका सकाळी माझी नात शाळेत जाण्याआधी देवघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "आजोबा, काठमांडू जायचं का? तुम्हाला पशुपती होईल, मला मॅच होईल."

नात इथेच लहानाची मोठी झाली. तिचे मराठी असे आहे. शाळेच्या मुलींच्या संघात ती गोलरक्षक आहे, त्यामुळे तिच्या कोपरांना बारा महिने खपल्या असतात. काठमांडूला भारत आणि नेपाळ यांच्या महिला संघांचा सामना होता, आणि तो पाहिल्यावाचून पुढील आयुष्य व्यर्थ आहे, अशा अर्थाचे ती अर्ध्या बंगालीत बोलत होती. मी पंचांग उघडले. सामन्याचा दिवस कार्तिक वद्य नवमीचाच निघाला. सामना दुपारनंतर आणि अभिषेक सकाळी, म्हणजे कोणाचे कोणावाचून अडत नव्हते. ईश्वरी संकेत म्हणतात तो याहून स्पष्ट काय असणार, असे वाटून मी होकार दिला. शिवाय नेपाळला जाताना समुद्र ओलांडावा लागत नाही.

तेव्हापासून त्या घरात पशुपतीचे नाव मी सोडून कोणी घेतले असेल तर मला ऐकू आले नाही. जेवताना फुटबॉल, चहा पिताना फुटबॉल. खालच्या मजल्यावरचे बंगाली गृहस्थ, जे एरवी मला पाहून जिना मोकळा करून देत, ते आता जिन्यातच अडवू लागले. "काकाबाबू, तुम्हीसुद्धा? तुम्हा मराठ्यांच्या भीतीने आमच्या पूर्वजांनी बागबाजारपासून खंदक खणला होता. तो ओलांडून तुम्ही माझ्या डोक्यावर येऊन राहिलात, ते मी सोसले. आता मॅचला मला सोडून जाता, हे सोसणार नाही." मी म्हणालो, मी देवदर्शनाला जातो आहे. ते म्हणाले, "तेच तर म्हणतो आहे."

अभिषेकाची व्यवस्था मी स्वतः केली. मुलाने काठमांडूतील एका पुरोहितांचा क्रमांक मिळवून दिला आणि म्हणाला, "बाबा, त्यांना फक्त तारीख सांगा. इंग्रजी तारीख. बाकी काही नको."

"तुझ्या आईचे वर्षश्राद्ध मी तारखेने करत नाही," मी म्हणालो. "देवाच्या दारात तारीख सांगू?"

"सांगा हो. नंतर घोळ नको."

पुरोहितांशी बोलताना मला फार दिवसांनी आनंद झाला. त्यांचे हिंदी मला झेपेना आणि माझे त्यांना, म्हणून दोनचार वाक्यांतच आम्ही दोघेही संस्कृतवर आलो. त्यांचा उच्चार शुद्ध होता. मी गोत्र सांगितले, नाव सांगितले, तिथी सांगितली: कार्तिक, कृष्णपक्ष, नवमी. त्यांनी ती उच्चारून पुन्हा माझ्याकडून वदवून घेतली. दोन संस्कृतज्ञांत ठरलेल्या गोष्टीत गैरसमजाला वाव उरला नाही अशा समाधानात मी फोन ठेवला. दिवाळीच्या तोंडावर त्यांच्याकडून माझ्या फोनवर एक छायाचित्र आले. ताम्हनात फुले, बिल्वपत्रे, भस्म. अभिषेक कसा होतो त्याचा नमुना त्यांनी पाठवला आहे असे मी समजलो, आणि 'अतीव समाधान झाले' असे संस्कृतात उत्तर पाठवले.

निघण्याच्या दिवशी पहिला अडथळा विमानतळावरच आला. गडू मी हाताच्या पिशवीत, धूतवस्त्रात गुंडाळून घेतला होता. सामानाच्या मोठ्या पेटीत नातीचे बूट आणि हातमोजे होते, आणि त्यांच्या संगतीत गंगा ठेवणे मला मान्य नव्हते. तपासणीच्या यंत्रावर आतले काहीच दिसेना. जवानाने गडू कानाशी धरून हलवला.

"यात काय आहे?"

"गंगाजल."

"उघडा."

"तो उघडण्यासाठी नसतो."

"मग कशासाठी असतो?" त्याने विचारले. मागची रांग वाढत होती. मुलगा धावत काउंटरवर गेला, पेटी परत मिळवली आणि गडू तिच्यात टाकून आला. कुठे ठेवलास, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "बुटाच्या वर ठेवलाय, बाबा. खाली नाही."

काठमांडूत पोचल्यापासून संध्याकाळपर्यंत आम्ही प्रेक्षणीय स्थळे पाहिली. पाहिली म्हणजे त्या स्थळांकडे पाठ करून उभे राहिलो, कारण सूनबाईंच्या हातात फोन होता. जुन्या राजवाड्याच्या चौकात एका मंदिराच्या दारावरील कोरीव काम इतके सूक्ष्म होते की मी हात जोडून वाचावे तसे ते पाहू लागलो, तोच "बाबा, इकडे बघा, जरा हसा" असे ऐकू आले. टेकडीवरच्या स्वयंभू स्तूपाच्या पायऱ्या चढताना गुडघ्यांनी आपले म्हणणे मांडले. वर गेल्यावर माकडाने नातीच्या हातातील मक्याचे कणीस नेले आणि तिने ते परत मिळवण्यासाठी जी झेप घेतली, तिचे मुलाने टाळ्या वाजवून कौतुक केले. भोवतीच्या बर्फाच्छादित शिखरांकडे, हिमालयाकडे, आमच्यापैकी कोणी पाहिले असेल तर ते माकडाने.

नवमीच्या सकाळी स्नान करून, धोतर नेसून, गडू हातात घेऊन मी पशुपतीच्या पश्चिम दाराशी आलो तेव्हा पुरोहित वाट पाहत नव्हते. त्यांना बोलावणे धाडावे लागले. ते आले, नमस्कार झाले, आणि मला पाहून त्यांना आश्चर्य वाटले, ते मला दिसले.

"आपण दर्शनाला आलात. फार छान," ते संस्कृतात म्हणाले. "प्रसाद मी जपून ठेवला आहे."

"कोणता प्रसाद?"

"आपल्या पत्नीच्या नावे झालेल्या अभिषेकाचा. गेल्या महिन्यातील."

मग सगळे उलगडले, आणि ते उलगडायला मला दुसऱ्या कोणाची गरज नव्हती. आमचा महिना अमावास्येला संपतो. त्यांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुक्लपक्ष दोघांचाही एक असतो, पण आम्ही जो आश्विनातला कृष्णपक्ष म्हणतो तो त्यांचा कार्तिकातला. दिवाळीची अमावास्या आमची आश्विनात, त्यांची कार्तिकात. हे मी पाठशाळेत आयुष्यभर शिकवले. परीक्षेत विचारले. ज्यांना आले नाही त्यांना नापास केले.

आणि त्या नमुन्याच्या छायाचित्राला मी अतीव समाधान कळवले होते.

"तारीख सांगितली असती तर," मुलगा म्हणाला. त्याने वाक्य पूर्ण केले नाही, हे त्याच्या मातेचे संस्कार.

त्या दिवसाच्या अभिषेकांची सर्व स्थाने आधीच लागलेली होती. पुरोहितांनी आत जाऊन दोनदा विचारून पाहिले. ते सज्जन होते आणि माझ्याइतकेच ओशाळले होते, जरी त्यांनी ओशाळण्यासारखे काही केले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताच या, पहिल्या स्नानात तुमचे जल घालतो, असे त्यांनी वचन दिले. आमचे विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होते, तेव्हा तेवढा वेळ होता. फक्त तिथी नव्हती. तिथीचे वचन मीच दिले होते आणि ते माझ्याच शास्त्राने मोडले. चारही दारांतून दर्शन घेतले, पण डोळे मिटले की समोर महादेवाऐवजी पंचांगाचे पान येई.

हॉटेलवर परत जायला वेळ उरला नाही. रस्ते सगळे फुटबॉलच्या दिशेने वाहत होते. तोंडावर रंग फासलेले तरुण, तुताऱ्या, झेंडे. मला एकट्याला परदेशात कुठे सोडणार, म्हणून मलाही स्टेडियमकडे नेण्यात आले, धोतर नेसलेला आणि हातात गडू घेतलेला. दारावरील शिपायाने गडूकडे बोट दाखवले.

"हे आत नाही जाणार, बुवा."

"यात गंगाजल आहे."

"नाणीसुद्धा काढून घेतो आम्ही. फेकतात."

"मी हे पंचांवर फेकीन असे आपल्याला वाटते?"

"तुम्ही नाही फेकणार," तो विचार करून म्हणाला. "तुमच्या मागचा तुमच्या हातून घेऊन फेकेल."

उघडून दाखवा, दाराशी ठेवून जा, असे पर्याय त्याने सुचवले. ते मी नाकारले. सूनबाई व नात आत गेल्या. मुलगा माझ्याबरोबर बाहेर राहिला, आणि आम्ही समोरच्या चहाच्या दुकानात बाकावर बसलो. आतून गर्जना आली की त्याचा पाय टेबलाखाली हलत असे. मी तीनतीनदा जा म्हटले. तो म्हणाला, "राहू द्या, बाबा." नंतर बऱ्याच वेळाने म्हणाला, "तसं बघितलं तर आईचा अभिषेक झालाच की. इथल्या देवाच्या हिशेबाने बरोबर नवमीला."

युक्तिवाद म्हणून तो चुकीचा नव्हता. संकल्पात देश आणि मास यांचा उच्चार होतो, आणि ज्या देशात कर्म होते तेथील आचार धरावा हे आमच्या शास्त्रालाही संमत आहे. पण गडू माझ्या हातात भरलेला होता. जल दिल्यावाचून झालेला तो अभिषेक तिचा, की माझ्या अतिशहाणपणाचा, हे मला ठरवता येईना. मी त्याला म्हणालो, "तू शास्त्र सांगू नकोस."

मध्यंतर झाले आणि नात धापा टाकत समोर उभी राहिली.

"तू बाहेर का आलीस? परत आत घेणार नाहीत तुला," मुलगा म्हणाला.

"माहिती आहे. बाबा, तुझं तिकीट अजून फाडलेलं नाही ना? तू जा. मी बसते."

"अगं, मॅच तुझी."

"जा ना. एक-शून्य आहे, आपण मागे. त्यांची गोलकीपर फार चांगली आहे. जा, जा."

तो गेला. आता मात्र माझा संयम संपला. मी तिला म्हणालो, की ज्या सामन्यासाठी सबंध घराला वेठीस धरले, तो अर्धा टाकून एका म्हाताऱ्याशेजारी बाकावर बसण्यात कोणते शहाणपण आहे. सकाळपासून या देशात एकही गोष्ट ज्या जागी व्हायची त्या जागी झालेली नाही, तेव्हा निदान हिने तरी आत बसायचे होते.

"आजोबा, राग करू नका ना. आजीने बोललं होतं, तुम्हाला एकटं नाही सोडायचं. तुम्ही राग करून बसाल."

"हे आजीने केव्हा सांगितले?"

"तेव्हाच. जेव्हा काठमांडूचं ठरवलं."

काठमांडूचे कोणी ठरवले, असे मी विचारले. तिने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी पहिल्या इयत्तेतला प्रश्न विचारला. मग सावकाश, मोडक्या मराठीत तिने सांगितले. दुपारी मी वामकुक्षी घेत असे तेव्हा आजी आणि ती टीव्हीवर सामने पाहत, आवाज बंद करून. आजीला सगळे कळत असे. कधीकधी खालचे बंगाली गृहस्थही येऊन बसत. "आजीने बोललं, काठमांडूला मोठी मॅच असली की मला सांग. आधी मॅच बघू, मग पशुपती. पण आजोबांना आधी पशुपती सांगायचं, नाही तर ते येणार नाहीत. मग ती आजारी झाली. तर मी थांबले, मॅच येईपर्यंत."

मी चहाचा ग्लास उचलला. तो रिकामा होता.

एवढी वर्षे एका घरात राहून ती फुटबॉल पाहत होती, आणि मला शेजारच्या खोलीत झोप लागत होती.

आत पुन्हा गर्जना झाली. नात मान कलती करून ऐकू लागली. "काही नाही. गोलच्या वरून गेला." आणखी एक झाली. "हा फाउल. त्यांच्या मुलीला पाडलं." मी विचारले, हे तुला भिंतीपलीकडून कसे कळते. तिने टेबलावरचे सगळे चहाचे ग्लास पुढे ओढले, बिस्किटाचा तुकडा मधे ठेवला आणि मला ऑफसाइड समजावू लागली. मी दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा तिने सुस्कारा टाकला, अगदी तसा जसा मी विद्यार्थ्यांसमोर टाकत असे. मग तिची नजर गडूवर गेली.

"इथे एक गोलकीपर पाहिजे, आजोबा."

"तो सोवळ्यातला आहे."

"आजीचा ना?"

"आजीचाच."

"मग चालेल. आजी नेहमी गोलकीपरच्या बाजूने असायची. बोलायची, बाकी सगळे धावतात, ही एकटी उभी राहून घर सांभाळते, आणि बोलणी पण हिलाच बसतात."

हे वाक्य तिचेच होते. नातीच्या मोडक्या भाषेतूनही मला तो स्वर ऐकू आला. मी गडूवरचे वस्त्र काढले आणि तो दोन ग्लासांच्या मधे, तिने दाखवला तेथे ठेवला. जरा डावीकडे, असे ती म्हणाली. मी डावीकडे सरकवला.

सामना संपत आला असताना आतले सगळे आवाज एकदम थांबले. तुताऱ्या थांबल्या, ढोल थांबले. रस्त्यावरचे लोकही भिंतीकडे पाहू लागले. काही अपघात झाला की काय, असे मला वाटले. नातीने माझा हात घट्ट धरला.

"आजोबा, एवढी माणसं गप्प झाली म्हणजे आपला गोल झाला."

मुलगा बाहेर आला तेव्हा त्याचा घसा बसलेला होता. "बाबा, शेवटी काय झालं, सांगतो," त्याने सुरू केले. मी म्हणालो, "बरोबरी. मी ऐकली."

दुसऱ्या दिवशी सकाळी, कार्तिक वद्य दशमीला, पशुपतीचे दार उघडले तेव्हा आम्ही चौघेही तेथे होतो. गडू फोडायला खिळा लागतो आणि तो विमानातून नेऊ देणार नाहीत म्हणून मी आणला नव्हता. फुले विकणाऱ्या बाईंकडून खिळा आणि बत्ता मागून आणावा लागला, आणि पहिला घाव माझ्या अंगठ्यावर बसला. पुरोहितांनी जल आत नेले. मुख्य पुजाऱ्यांनी ते पहिल्या स्नानात घातले, हे मी दारातून पाहिले. त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात सूनबाईंच्या डोळ्यांतील पाणीही पुसून झाले नव्हते. संकल्पात पुरोहितांनी त्यांचा मास उच्चारला. मी दुरुस्ती केली नाही. मागच्या महिन्याचा प्रसादही त्यांनी दिला. बिल्वपत्रे वाळली होती.

परतताना रिकामा गडू मी हाताच्या पिशवीत घेतला. आता तरी कोणी अडवणार नाही, अशी माझी कल्पना होती. तेथील तपासनिसाने तो काढला, खिळ्याने पाडलेल्या भोकातून आत पाहिले आणि उलटा केला.

"यात काय होते?"

मागे नात होती, तिच्यामागे मुलगा, आणि त्यांच्यामागे रांग. मी काही बोलण्याच्या आत नात पुढे होऊन हिंदीत म्हणाली, "दादी." तपासनिसाने आत अस्थी होत्या असे समजून हात झटकले आणि गडू मला परत केला, दोन्ही हातांनी. आजीचा, असे म्हणायचे होते ते तिने तसे म्हटले. तिचे हिंदीही तिच्या मराठीसारखेच आहे.

फुटलेला गडू देवघरात ठेवत नाहीत. तो विसर्जित करावा असे मी घरी आल्यावर सांगितले, आणि तो दुसऱ्या सकाळी मला नातीच्या टेबलावर, तिच्या हातमोज्यांच्या मधे ठेवलेला दिसला. मी अजून काही बोललेलो नाही. दुपारी टीव्ही लागतो तेव्हा आवाज बंद ठेवण्याची आता गरज नाही, एवढे मात्र मी तिला सांगितले आहे, कारण आवाज नसला की मला काहीच कळत नाही.